टेराहर्ट्झ लहरींनी कॅन्सर ओळखता येतो का? मावशीसाठी विचारते आहे

नीलमोहर | ८ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मावशी ५८ वर्षांची. लालबागला एकटीच राहते. काका जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मला आणि माझ्या भावाला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलंय. मे महिन्यात आंघोळ करताना तिला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून तीन आठवडे कुणाला काही बोललीच नाही. मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, लिहून दिली. तिथे सगळं अडलंय. "गाठीला सुई टोचली की ती चवताळते" हे तिच्या मनात घट्ट बसलंय. तिच्या जावेचं असंच झालं होतं म्हणे.

त्यात परवा इमारतीतले एक गृहस्थ एक यंत्र घेऊन आले. केस वाळवायच्या ड्रायरसारखं दिसतं. सोबत एक काळसर, चकचकीत चकती. ती तळहातावर ठेवून वर बर्फाचा खडा ठेवला, तर तो बघता बघता विरघळला. म्हणाले, "या टेराहर्ट्झ लहरी. कॅन्सरच्या पेशी ओळखतात आणि मारतात. रेडिएशन नाही, सुई नाही." वर मोबाइलवर परदेशातल्या एका विद्यापीठाची बातमी दाखवली, टेराहर्ट्झ इमेजिंगमध्ये कॅन्सरचा भाग वेगळा दिसला अशी. मी ती नीट वाचली. ती खोटी वाटत नाही, आणि म्हणूनच मी गोंधळले आहे.

टेराहर्ट्झ खरंच काही असतं का? मुंबईत अशी तपासणी कुठे होते का? बायोप्सीऐवजी ती चालेल का? मावशी त्या यंत्रासाठी पोस्टातली ठेव मोडायला निघाली आहे, त्यामुळे लवकर सांगितलंत तर बरं होईल.

अबोली | ८ जुलै, रात्री ११:१२

बाकीचे जाणकार लिहितीलच. पण बायोप्सी लांबवू नका ताई. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही दोन महिने काढे देत बसलो होतो. ते दोन महिने अजून सलतात.

टाका | ८ जुलै, रात्री ११:३०

अबोलींना +१. मी सर्जन आहे. उद्या ओपीडी संपली की सविस्तर लिहितो. तोवर ठेव मोडू देऊ नका.

दीपस्तंभ | ९ जुलै, रात्री १२:४५

नीलमोहर, तुम्ही बातमी आणि यंत्र अशा दोन्ही गोष्टी लिहिल्यात ते फार बरं केलंत. बातमी खरी आहे, यंत्र खोटं आहे. त्या गृहस्थांनी दोन्ही एका दोऱ्यात ओवल्यात. मी पीएचडीची पाच वर्षं टेराहर्ट्झच्या प्रयोगशाळेत काढली, आता शिकवतो. त्यामुळे हे वाचून झोप येईना.

आधी लहरींबद्दल. रेडिओ, मायक्रोवेव्ह, उष्णतेच्या अवरक्त लहरी, दिसणारा प्रकाश, क्ष-किरण ही सगळी एकाच कुळातली भावंडं. मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधला पट्टा तो टेराहर्ट्झ. सेकंदाला एक लाख कोटी कंपनं म्हणजे १ टेराहर्ट्झ, आणि त्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर. साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झ एवढा हा पट्टा. याच्या उंबरठ्यापर्यंत आपले जगदीशचंद्र बोस १८९० च्या दशकातच पोचले होते. कोलकात्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. पुढचा पट्टा कित्येक दशकं ओसाड राहिला, कारण तिथे लहर निर्माण करायला आणि पकडायला दोन्हीला साधनं नव्हती.

आता "रेडिएशन नाही" या दाव्याकडे येऊ. या लहरी रेणू फोडत नाहीत हे खरं आहे. १ टेराहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा मॅमोग्राफीच्या क्ष-किरणांच्या फोटॉनपेक्षा जवळजवळ पन्नास लाख पटींनी कमी असते. तिने डीएनए तुटत नाही. संशोधकांना या लहरींचं आकर्षण वाटायचं हे एक मोठं कारण.

पण या लहरींना पाणी पार होत नाही. १ टेराहर्ट्झची लहर पाण्यात ०.१ मिलिमीटर शिरली की तिचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. एक मिलिमीटर पाण्यापलीकडे हाती काहीच लागत नाही. आपली त्वचा पाण्याने भरलेली असते. म्हणजे बाहेरून धरलेल्या यंत्रातून निघालेली लहर मावशींची त्वचासुद्धा ओलांडणार नाही, आत असलेली गाठ "ओळखणं" तर दूरच. जगातली सगळ्यात महाग प्रयोगशाळाही आज हे करू शकत नाही.

आणि बर्फ. अशा चकत्या बहुधा सिलिकॉनच्या असतात. सिलिकॉन उष्णता फार झपाट्याने वाहून नेतो, स्टीलच्या साधारण दहापट. तळहाताची ऊब चकतीतून थेट बर्फात जाते आणि तो विरघळतो. घरात करून बघा. एक खडा लाकडी पोळपाटावर, एक स्टीलच्या ताटात आणि एक उपड्या घातलेल्या ॲल्युमिनियमच्या जाड पातेल्यावर ठेवा. पातेल्यावरचा आधी वितळेल. हे मावशींच्या डोळ्यांसमोर करा, माझ्या लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

शेवटचं. टेराहर्ट्झ लहरी सोडतं म्हणून यंत्र विशेष ठरत नाही. कुठलीही उबदार वस्तू त्या थोड्याफार सोडते. तापलेला तवा सोडतो, आपलं शरीरही सोडतं.

उरणकर | ९ जुलै, सकाळी ८:०५

दीपस्तंभ, विमानतळावर हात वर करून उभं करतात त्या काचेच्या खोलीत याच लहरी असतात का? आईला त्याची भीती वाटते.

दीपस्तंभ | ९ जुलै, सकाळी ८:२०

नाही, तिथे मिलिमीटर लहरी असतात, साधारण ३० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. टेराहर्ट्झच्या अलीकडच्या. क्ष-किरण नव्हेत, आईंना निर्धास्त जाऊ द्या.

टाका | ९ जुलै, दुपारी ४:१५

नीलमोहर, मावशींच्या भीतीबद्दल लिहितो, कारण ती मी रोज ऐकतो आणि तिला हसण्यात अर्थ नसतो. सुईच्या वाटेवर क्वचित काही पेशी सापडतात, एवढं खरं. पण त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही. "सुई लावली आणि वाढला" असं जिथे वाटतं तिथे बहुतेक वेळा आजार आधीच पुढे गेलेला असतो, सुईने तो फक्त उघडकीला येतो. मावशींच्या जावेचंही कदाचित तसंच झालं असेल.

दुसरं, बायोप्सीकडे लोक फक्त "आहे की नाही" एवढ्याच उत्तरासाठी बघतात. त्या तुकड्यावरून आम्हाला कळतं की गाठ ईआर, पीआर पॉझिटिव्ह आहे का (म्हणजे ती संप्रेरकांवर वाढते का), हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) काय आहे, पेशी किती वेगाने वाढताहेत. त्यावर पुढचं सगळं ठरतं: आधी ऑपरेशन की आधी केमो, नंतर रोज एक गोळी की वर्षभर इंजेक्शनं. कुठल्याही लहरीने काढलेलं चित्र उद्या कितीही स्वच्छ आलं तरी हे सांगणार नाही. त्यासाठी तुकडा लागतोच.

जागा बधिर करून करतात. बहुतेक बाया त्याच दिवशी घरी जातात. थोडं निळं पडतं, एक-दोन दिवस ठणकतं. त्यांना हे आधी सांगून ठेवा.

काचपट्टी | ९ जुलै, रात्री ९:४०

मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात त्या विभागात, टेक्निशियन आहे, १९ वर्षं झाली. दीपस्तंभ यांना विचारायचं आहे की ते परदेशी संशोधन नेमकं कशावर आहे? कारण "कॅन्सरचा भाग वेगळा दिसला" हे वाचून मला आमचं फ्रोझनच आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेशन चालू असताना ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) तुकडा आमच्याकडे येतो. कुठली बाजू वरची, कुठली आतली हे कळावं म्हणून सर्जनने दोरे बांधलेले असतात. आमचे डॉक्टर ग्रॉसिंग करतात, म्हणजे तुकडा नीट बघून-मोजून घेतात, कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात. मग संशयाचा भाग क्रायोस्टॅटमध्ये (गोठवून कापायच्या यंत्रात), उणे वीस अंशांना गोठवायचा, पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांशांचा, पापुद्रा काढायचा, काचपट्टीवर घ्यायचा, रंगवायचा, आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघून ओटीत फोन करतात. वीस मिनिटं ते अर्धा तास. तेवढा वेळ पेशंट भुलीखाली टेबलावर, आणि सर्जन हात जोडून उभे.

तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे छान कापले जातात. स्तनाचा तुकडा आला की माझ्या पोटात गोळा येतो. त्यात चरबी असते, आणि चरबी उणे वीसला नीट गोठत नाही. पातं फिरलं की पापुद्रा फाटतो, घडी पडते, निम्मा गळून जातो. तापमान आणखी खाली न्यावं तर बाकीचा भाग ठिसूळ होऊन तडकतो. शिवाय कापून कापून किती कापणार? एवढ्या मोठ्या तुकड्याच्या सहा बाजूंतून आपण चार-पाच ठिकाणंच बघतो. उरलेलं सगळं टिकवायला फॉर्मलिनमध्ये जातं, मग मेणात बसवून त्याचे ब्लॉक, आणि पक्का रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी.

गिरणगावकर | ९ जुलै, रात्री १०:३०

काचपट्टी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या बायकोचं चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. स्तन वाचवून फक्त गाठ काढली. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी सुटलो असंच वाटत होतं. अकराव्या दिवशी रिपोर्ट आला की काढलेल्या तुकड्याच्या एका कडेला कॅन्सरच्या पेशी आहेत, म्हणजे आत काही राहिलं असेल. पुन्हा टेबलावर. ती पहिल्या वेळी रडली नव्हती, दुसऱ्या वेळी रडली. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण त्यांची चूक होती असं मला आजही म्हणता येत नाही. पण तेव्हापासून मनात हेच आहे: ऑपरेशन चालू असतानाच, तिथल्या तिथे, पूर्ण कड दिसेल असं काहीच का नसावं?

दीपस्तंभ | १० जुलै, पहाटे १:२०

गिरणगावकर, तुमचा प्रश्न हाच टेराहर्ट्झचा खरा प्रश्न आहे. काचपट्टी ताईंनीही नेमकी तीच जागा दाखवली. आता सगळं मांडतो.

१९९५ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये टेराहर्ट्झची सुरुवातीची गाजलेली चित्रं काढली गेली. एक होतं झाडाच्या पानाचं. तोडल्यावर लगेच काढलेलं आणि तेच पान दोन दिवसांनी. पान सुकत गेलं तसं चित्रात फिकं होत गेलं. जे पाणी या लहरींना अडवतं तेच त्यांचा डोळा झालं, कारण कुठे पाणी जास्त आणि कुठे कमी हे त्यांना अतिशय बारकाईने कळतं.

गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, सूज असते, पेशींची गर्दी असते. म्हणून तिथे पाणी सहसा आजूबाजूपेक्षा जास्त असतं. चरबीत तर पाणी फारच कमी. त्यामुळे चरबीच्या शेजारी गाठ असली की टेराहर्ट्झमध्ये ती ठळक उठून दिसते. ज्या चरबीने काचपट्टी ताईंच्या पोटात गोळा येतो तीच इथे मदतीला येते. आणि कापून काढलेल्या तुकड्याची कड म्हणजे पृष्ठभागच, खोल शिरायची गरजच नाही. त्वचा पार न होणं ही मावशींच्या बाबतीत अडचण आहे, कड बघताना ती अडचण उरत नाही.

यंत्र असं चालतं. एक लेझर, ज्याचा झोत सेकंदाच्या लाखकोटीव्या भागापेक्षाही थोडा वेळ टिकतो. तो दोन वाटांनी जातो. एका वाटेवर तो अर्धवाहकाच्या तुकड्यावर पडून टेराहर्ट्झचा ठोका निर्माण करतो. हा ठोका मांसाच्या तुकड्यावर आदळून परत येतो. दुसऱ्या वाटेवरचा झोत त्या परतलेल्या ठोक्याला अगदी थोड्या क्षणापुरता पकडतो. दुसरी वाट आरशाने ०.१५ मिलिमीटर मागे सरकवली की एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा लाखकोटीवा भाग, उशीर होतो. असं सरकवत सरकवत ठोक्याचा पूर्ण आकार मिळतो: किती दबला, किती उशिरा आला. प्रत्येक बिंदूला हे करायचं, मग शेजारच्या बिंदूला. मी एका नाण्याएवढ्या नमुन्यासाठी दुपारच्या दुपारी बसलो आहे. आताची यंत्रं कितीतरी चपळ आहेत.

आता आकडे. केंब्रिजच्या गटाने २००६ मध्ये स्तनाच्या कापून काढलेल्या २२ नमुन्यांची चित्रं प्रसिद्ध केली. गाठीचा आकार सूक्ष्मदर्शकाखालच्या आकाराशी चांगला जुळला. मग लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये हातात धरता येईल असा प्रोब (टेकवून तपासायचं टोक) घेऊन ३२ रुग्णांचे ताजे तुकडे तपासले गेले. ते २०१७ मध्ये आलं. त्यात बरोबर ओळखण्याचं प्रमाण सुमारे ७५ टक्के होतं. म्हणजे चारातला एक निर्णय चुकीचा. ओटीत उभ्या असलेल्या सर्जनला हे पुरणार नाही. टाका सांगतीलच.

चूक कुठे होते? स्तनात चरबीशिवाय दुधाच्या ग्रंथींचा आणि तंतूंचा भाग असतो. त्यातही पाणी भरपूर. त्याचा आणि गाठीचा ठसा एकमेकांवर चढतो. चरबी आणि गाठ वेगळी करणं सोपं आहे, तंतू आणि गाठ वेगळी करणं फार कठीण. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात वर्षानुवर्षं यावरच गणितं चालली आहेत. तरुण बायकांमध्ये हा तंतूंचा भाग जास्त असतो, म्हणजे जिथे गरज मोठी तिथेच चित्र धूसर.

मी यात पाच वर्षं घालवली. हे जमावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच कुणी या नावाने ड्रायर विकतं तेव्हा राग येतो.

टाका | १० जुलै, सकाळी ७:१०

७५ टक्के पुरत नाही, बरोबर. उगाच जास्त कापलं तर स्तनाचा आकार जातो, आणि कमी कापलं तर गिरणगावकरांच्या घरी झालं ते होतं. फ्रोझनपेक्षा चांगलं काही आलं तर सगळ्यात आधी मी हात पुढे करीन. पण ते फ्रोझनच्या जोडीने तपासून बघावं लागेल, त्याला बाजूला सारून नव्हे.

माहीमचा वारा | १० जुलै, सकाळी ११:००

वाचतोय. फार माहितीपूर्ण धागा. तोंडाच्या कॅन्सरबद्दल कुणी लिहील का? आमच्या भावकीत तंबाखूने दोघे गेले. तोंडात तर वरूनच दिसतं, मग तिथे या लहरी चालायला हव्यात ना?

दीपस्तंभ | १० जुलै, दुपारी २:३५

तर्क बरोबर आहे, पण तोंडात लाळ असते. पुन्हा पाणीच. दक्षिण कोरियातल्या एका गटाने २०१३ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचे काढलेले तुकडे उणे २० अंशांना गोठवून टेराहर्ट्झने बघितले. साध्या तापमानापेक्षा गोठवल्यावर चित्र जास्त स्पष्ट आलं. बर्फ या लहरींना पाण्यासारखा शोषत नाही, त्यामुळे आतली रचना दिसायला लागते. उणे वीस म्हणजे काचपट्टी ताईंच्या क्रायोस्टॅटचंच तापमान! तुकडा गोठवलेला असतोच, कापायच्या आधी तो टेराहर्ट्झखाली फिरवून "इथे काप, इथे संशय आहे" एवढं जरी कळलं, तरी चार-पाच ठिकाणं नशिबावर निवडावी लागणार नाहीत. मला स्वतःला हा उपयोग सगळ्यात जवळचा वाटतो.

मुंबईत काय चालतं असं कुणीतरी विचारणारच. कुलाब्याला टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टेराहर्ट्झवर बरीच वर्षं काम चालू आहे. खारघरला ॲक्ट्रेक या टाटा स्मारकाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात तोंडाच्या कॅन्सरसाठी रामन वर्णपटाचं चांगलं काम झालंय, त्यात लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पेशींची रसायनं ओळखतात. ही दोन्ही संशोधनाची ठिकाणं आहेत. तिथे जाऊन "माझं टेराहर्ट्झ करा" असं म्हणता येत नाही. त्यामुळे नीलमोहर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

काचपट्टी | १० जुलै, रात्री ९:१५

"इथे काप" सांगणारं काहीतरी. दादा, हे वाचून मी जेवताना थांबले. आमच्या डॉक्टरांना बोटांनी चाचपून ठरवावं लागतं. वीस वर्षांचा हात असलेल्यांची बोटं क्वचित चुकतात, पण सगळीकडे असा हात कुठून आणणार?

एक शंका. तुकडा उघडा ठेवला की दहा मिनिटांत वरून सुकायला लागतो. तुमची लहर पाणीच मोजते, मग सुकलेला भाग कॅन्सर नाही असं दाखवणार नाही का?

दीपस्तंभ | १० जुलै, रात्री १०:००

दाखवू शकते. बरोबर बोट ठेवलंत. म्हणून नमुना पातळ खिडकीखाली, ओलावा धरून ठेवतात. जिवंत त्वचेवर उलटं होतं: प्रोब टेकवून धरला की घाम उडत नाही, खाली पाणी साचतं, आणि काही सेकंदांतच वाचन बदलायला लागतं. त्वचेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्यांना आधी हेच निस्तरावं लागलं.

आणि हवेतलं पाणी! मुंबईतला जुलै मी कधी विसरणार नाही. हवेतली वाफ ठरावीक कंपनांवर लहर गिळते: ०.५५७, १.०९७ आणि १.६७ टेराहर्ट्झवर. आलेखात ओळीने खड्डे पडलेले दिसायचे. सगळं यंत्र पेटीत बंद करून कोरडा नायट्रोजन सोडायचा आणि आर्द्रता उतरायची वाट बघत बसायचं. बाहेर पाऊस कोसळत असायचा. उद्या हे यंत्र परळच्या एखाद्या ओटीत ठेवायचं झालं तर ही व्यवस्था आधी करावी लागेल. युरोपात लिहिलेल्या शोधनिबंधांत याला एक ओळ मिळते.

घरोघरी | ११ जुलै, दुपारी १२:२०

मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. मला त्या लहरींतलं फार कळलं नाही, पण "लवकर ओळखणं" हा शब्द आला म्हणून लिहिते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून याच मुंबईत, वस्त्यांमध्ये, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासायच्या, अशा चार फेऱ्या. यंत्र कुठलंच नाही. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायकांमध्ये तेवढा फरक पडला नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. गर्भाशयमुखासाठी तर व्हिनेगरमधलं आम्ल लावून डोळ्यांनी बघायचं, त्यानेही मृत्यू ३१ टक्के घटले.

मावशींना सांगा, तुझ्या हाताला गाठ लागली हेच मोठं काम झालंय. आता पुढचं पाऊल थांबवू नकोस बाई.

गिरणगावकर | ११ जुलै, रात्री ९:५०

घरोघरी ताई, नमस्कार. एवढंच.

नीलमोहर | १३ जुलै, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. काल रविवारी लालबागला गेले होते. आधी समजावत बसले नाही. फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढला, पोळपाट, ताट आणि मावशीचं जुनं जाड बुडाचं पातेलं मांडलं. पातेल्यावरचा खडा आधी गेला, ताटातला नंतर, पोळपाटावरचा तसाच. मावशी पोळपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो पातेलंच विकतोय."

मग टाका यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. जावेबद्दलच्या ओळीवर तिने मला थांबवलं. "तिने वर्षभर लपवलं होतं गं. आम्हाला माहीत होतं, पण बोललो नाही." हे मला कधीच माहीत नव्हतं. तिच्या मनात सुई कमी आणि हेच जास्त होतं असं वाटलं. घरोघरी ताईंचा निरोपही दिला.

गुरुवारी बायोप्सी आहे. ठेव मोडली नाही.

टाका | १४ जुलै, सकाळी ६:५०

छान. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. पुढे उघडणारा ब्लाउज घालायला सांगा.

नीलमोहर | २५ जुलै, रात्री १०:२०

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. गाठ लहान आहे, आधी ऑपरेशन करायचं आणि स्तन वाचवता येईल असं म्हणाले. मावशी शांत आहे. मी नाही.

काचपट्टी ताई, ऑपरेशनच्या आधी मी नेमकं काय विचारू?

काचपट्टी | २५ जुलै, रात्री १०:४५

धीर धरा. गाठ लहान आहे, हे लक्षात ठेवा. विचारायचं ते एवढंच: कड ओटीतच तपासणार का, आणि फ्रोझन की नुसतं डोळ्यांनी. ते नाही म्हणाले तर त्याचं कारण असू शकतं, मी लिहिलंय ना चरबीचं, त्यामुळे वाद घालू नका, समजून घ्या. आणि मेणाचे ब्लॉक कुठे ठेवतात ते विचारून ठेवा. दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर तेच लागतात, रिपोर्टचा कागद पुरत नाही.

नीलमोहर | ९ ऑगस्ट, रात्री ९:३०

ऑपरेशन बुधवारी झालं. कडा तिथेच बघितल्या, मोकळ्या वाटतात असं सर्जन बाहेर येऊन म्हणाले. पक्का रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. गिरणगावकर दादा, तुमची आठवण आली. त्या अर्ध्या तासात घड्याळाशिवाय कशाकडेच बघितलं नाही.

ऑपरेशनच्या आधी बऱ्याच कागदांवर सह्या घेतल्या. त्यातला एक असा होता की तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनासाठी वापरायला परवानगी आहे का. मावशीने तोच कागद चष्मा लावून पूर्ण वाचला. मला विचारलं, "ते लहरीवाले घेणार का हा?" मी म्हटलं, सांगता येत नाही, कुणीही घेईल. ती म्हणाली, "घेऊ दे," आणि सही केली.

दीपस्तंभ | ९ ऑगस्ट, रात्री ९:५२

मावशींना माझा नमस्कार सांगा.